कोळसा आणि निशाण

मराठी माणसाला उत्तर ध्रुव अगदीच परका नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली वेदांतील दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचे मूलस्थान ध्रुवप्रदेशात असावे असा सिद्धांत मांडला, आणि तेव्हापासून सहा महिन्यांचा दिवस व सहा महिन्यांची रात्र या गोष्टी आपल्याकडे घरोघर बोलल्या जाऊ लागल्या. तो सिद्धांत पुढील संशोधनात टिकला नाही. आज त्या वादात शिरण्याचे आम्हांस कारणही नाही. आम्ही ज्या ध्रुवप्रदेशाविषयी बोलणार आहोत तेथे उषेची सूक्ते नाहीत. कोळशाचे ढीग आहेत. वैशाखातल्या या उकाड्यात श्रोत्यांनी बर्फाची अपेक्षा ठेवावी हे स्वाभाविक आहे. बर्फ मिळेल, पण त्याखालची काळी माती अधिक पाहावी लागेल.

नॉर्वेच्या उत्तर टोकाच्याही बरेच वर, ७४ आणि ८१ अक्षांशांच्या दरम्यान, स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. त्यातील सर्वांत मोठे बेट स्पिट्सबर्गन. सबंध द्वीपसमूहाचे क्षेत्रफळ सुमारे ६१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढे. झाड म्हणावे असे एकही झाड तेथे नाही. लाँगइयरब्येन या मुख्य गावात ऑक्टोबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उगवत नाही. अशा ठिकाणी शंभर वर्षांहून अधिक काळ माणसे डोंगरात बोगदे खणून कोळसा काढीत आली. का? कोळसा जगात इतरत्र मिळत नव्हता काय? मिळत होता, आणि स्वस्तही मिळत होता. मग हा खटाटोप कशासाठी, हाच आजच्या विवेचनाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर भूगर्भशास्त्रात अर्धे आहे. उरलेले अर्धे राष्ट्राराष्ट्रांच्या परस्पर भयात आहे.

या बेटांना पहिल्याने जगाच्या नकाशावर आणले ते विलेम बारेंट्स या डच दर्यावर्दीने, १५९६ साली. तो निघाला होता पूर्वेकडे जाण्याची उत्तरेकडील वाट शोधण्यास. पोर्तुगीजांनी अडवून धरलेल्या वाटेला वळसा घालून आशियाचा व्यापार गाठावा हा डचांचा हेतू होता. वाट सापडली नाही. टोकदार डोंगरांची बेटे सापडली. थोड्याच वर्षांत कळले की या बेटांच्या खाड्या देवमाशांनी भरल्या आहेत. देवमाशाच्या चरबीचे तेल म्हणजे त्या काळच्या युरोपचा दिवा आणि साबण. लगेच इंग्रज आले, डच आले, डेन्मार्कच्या राजानेही हक्क सांगितला. १६१३ साली इंग्रजांनी सशस्त्र जहाजे पाठवून इतरांस हुसकावण्याचा प्रयत्न केला. पुढल्याच वर्षी डचांनी आपली मक्तेदार कंपनी स्थापिली. अखेर एकेक खाडी एकेकाने वाटून घेतली. डचांनी किनाऱ्यावर चरबी कढविण्याच्या भट्ट्या लावल्या व त्या वसाहतीला ‘चर्बीचे गाव’ अशा अर्थाचे नाव दिले. काही दशकांत किनाऱ्यालगतचे देवमासे संपत आले, भट्ट्या विझल्या, गाव ओसाड पडले. खाड्यांचा वाद मग आपोआप मिटला; कारण वाद घालण्याजोगे काही राहिलेच नाही.

ही पहिली हकीकत आम्ही मुद्दाम सांगितली. पुढे कोळशाच्या बाबतीत जे घडले त्याच्याशी तिचे साम्य आहे आणि एक महत्त्वाचा भेदही आहे. देवमाशांसाठी राष्ट्रे आली आणि देवमासे संपताच निघून गेली. कोळशासाठी ती आली. पण कोळसा परवडेनासा झाला तरी निघेनात. हा भेद कसा पडला?

त्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यावे लागेल. १८९९ साली सोरेन झाखारियासेन या नॉर्वेजियन तांडेलाने येथला कोळसा गलबतात भरून विकावयास नेला. १९०१ साली जॉन मन्रो लाँगइयर हा अमेरिकन खाणमालक सहलीच्या आगबोटीतून कुटुंबासह तेथे गेला. बायकापोरे हिमनद्या पाहत होती. त्याचे लक्ष डोंगराच्या कुशीतल्या काळ्या पट्ट्यांकडे गेले. १९०६ साली त्याने भागीदारांसह कंपनी काढली आणि खाणीजवळ जे गाव वसले त्यास त्याचेच नाव मिळाले. तेच आजचे लाँगइयरब्येन.

या खाणींची रचना आपल्या झरिया–राणीगंजकडील खाणींहून निराळी आहे. येथे खोल विहीर खणावी लागत नाही. कोळशाचे थर डोंगराच्या अंगात जवळजवळ आडवे पसरलेले असतात. दरीच्या वर, उतारावर तोंड पाडून आत शिरावयाचे. जमीन खोलवर कायमची गोठलेली, त्यामुळे पाण्याचा उपद्रव कमी. काढलेला माल लाकडी खांबांवरून ताणलेल्या तारेवर, लोखंडी बादल्यांतून धक्क्यापर्यंत आणावयाचा. पण जहाजे यावयाची ती उन्हाळ्यात, बर्फ फुटल्यावर. म्हणजे आठ महिने खणावे, ढीग रचावा, आणि समुद्र मोकळा होण्याची वाट पाहावी. मजूर, अन्न, लाकूड, लोखंड, सारे बाहेरून. अशा मालाला बाजारात टिकणे नेहमीच कठीण.

त्यात आणखी एक अडचण होती. ही भूमी कोणाचीच नव्हती. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भाषेत ती अस्वामिक. जो येईल त्याने जमिनीत पाटी रोवावी आणि ‘हे आमचे’ म्हणावे. दुसऱ्याने ती पाटी उपटावी आणि आपली रोवावी. भांडण झाले तर न्यायाधीश नाही. मजुरांनी संप केला तर पोलीस नाही. मालकाने मजुरी बुडविली तर दाद मागण्यास कचेरी नाही. ही अव्यवस्था मिटविण्यासाठी १९१०, १९१२ आणि १९१४ साली नॉर्वेच्या राजधानीत परिषदा भरल्या. नॉर्वे, स्वीडन आणि रशिया यांनी मिळून कारभार पाहावा अशी योजना चर्चेत होती. १९१४ ची परिषद उठली आणि त्याच सुमारास महायुद्ध पेटले. योजना तेथेच राहिली.

युद्धाने मात्र कोळशाचा अर्थ बदलला. नॉर्वेच्या मुख्य भूमीत कोळसा जवळजवळ नाही; त्याची घरे, गिरण्या व आगबोटी इंग्लंडच्या कोळशावर चालत. १९१६ च्या डिसेंबरात इंग्लंडने नॉर्वेचा कोळसा रोखला. मासे आणि तांब्याची खनिजे जर्मनीकडे जाऊ नयेत म्हणून घातलेला तो पेच होता. ऐन थंडीत काही आठवडे तो टिकला. लहान राष्ट्राला तेवढा धडा पुरेसा झाला. त्याच्या थोडेच आधी, त्याच वर्षी, अमेरिकन मालकांनी आपल्या खाणी नॉर्वेजियन मंडळींस विकल्या होत्या. युद्धकाळात माणसे व जहाजे मिळणे कठीण, आणि जमिनीची मालकीही अधांतरी. त्यातून ‘स्टोरे नोर्स्के’ ही कंपनी उभी राहिली. तोट्याचा धंदा अमेरिकनाच्या हातून नॉर्वेजियनाच्या हातात आला तेव्हा तो निव्वळ धंदा राहिला नव्हता; राष्ट्राच्या चुलीचा प्रश्न झाला होता.

युद्ध संपल्यावर पॅरिसला शांततेच्या वाटाघाटी चालू असतानाच हा प्रश्न निघाला आणि ९ फेब्रुवारी १९२० रोजी स्पिट्सबर्गनचा तह झाला. १९२५ च्या ऑगस्टात तो अमलात आला. या तहाची कलमे आपण नीट ध्यानात घेतली पाहिजेत, कारण पुढचा सारा इतिहास त्यांतूनच उलगडतो. पहिले, या बेटांचे स्वामित्व नॉर्वेचे. दुसरे, तहावर सही करणाऱ्या प्रत्येक राष्ट्राच्या नागरिकांस तेथे शिकार, मासेमारी, खाणी व व्यापार यांचा समान हक्क. तिसरे, तेथे जमा होणारा कर तेथेच खर्च करावयाचा. निर्यातीवरील करालाही मर्यादा घातलेली. चौथे, नॉर्वेने तेथे आरमारी तळ वा तटबंदी उभारू नये, आणि बेटांचा युद्धासाठी कधीच वापर होऊ नये.

येथे आपल्याशी संबंध असलेली एक गोष्ट सांगावयाची राहू नये. या तहावर हिंदुस्थानच्या नावानेही सही आहे. ती सही केली पॅरिसमधील ब्रिटिश वकील लॉर्ड डर्बी यांनी. ज्या देशाला स्वतःच्या भूमीवरचा मिठागर स्वतःचा म्हणता येत नव्हता, त्याला ध्रुवाजवळच्या कोळशावर समान हक्क मिळाला! त्या काळी ही थट्टाच होती. पण कायद्याचा कागद कधीकधी थट्टेपेक्षा अधिक टिकतो. त्याचा पुढे उपयोग झाला.

आता तहाचा परिणाम पाहा. सैन्य ठेवावयाचे नाही, किल्ला बांधावयाचा नाही. मग एखाद्या राष्ट्राला या बेटांवर आपण आहोत हे दाखवावयाचे असेल तर कसे दाखवावे? तहाने उघडा ठेवलेला मार्ग एकच : उद्योग. आणि त्या काळी तेथे शक्य असलेला मोठा उद्योग एकच : कोळसा. १९२५ च्या खाणनियमांनी असेही ठरविले की खाणीचा हक्क घेतल्यावर त्यात ठराविक काम करीत राहिले पाहिजे. नुसती पाटी रोवून भागणार नाही. तात्पर्य, सैनिकाचे काम खाणकामगाराकडे आले. किल्ल्याच्या जागी बोगदा आला. तहाच्या कर्त्यांचा असा हेतू होता असे आम्ही म्हणत नाही. त्यांना शांतता हवी होती आणि ती बऱ्याच अंशी मिळालीही. पण उद्योगाला निशाण धरावयास लावण्याचे बीज याच तहात पडले.

हे प्रथम ओळखले ते रशियाने. पॅरिसच्या मेजावर नव्या सोव्हिएत सरकारला बोलावलेच नव्हते. १९२४ साली नॉर्वेने त्या सरकारला मान्यता दिली व त्या सरकारने नॉर्वेचे स्वामित्व मानले. तहात ते १९३५ साली सामील झाले. दरम्यान त्यांनी पद्धतशीर खरेदी आरंभिली. स्वीडिश लोकांकडून पिरामिडेन घेतले, डचांकडून १९३२ साली बारेंट्सबुर्ग घेतले, ग्रुमांटची खाण चालविली, आणि १९३१ साली या सर्वांसाठी ‘आर्क्टिकउगोल’ ही सरकारी संस्था काढली. त्यात व्यवहार नव्हता असे नाही. मुर्मान्स्कच्या बाजूला जवळचा कोळसा हवा होता, आणि दक्षिणेकडून रेल्वेने आणण्यापेक्षा समुद्राने आणणे सोयीचे होते. परंतु दुसऱ्यांनी तोट्यामुळे सोडलेल्या खाणी एकामागून एक विकत घेणारा गिऱ्हाईक नुसता कोळसा घेत नसतो. तो जागा घेत असतो.

दुसऱ्या महायुद्धाने दाखविले की तहात ‘युद्ध नको’ असे लिहिल्याने युद्ध येत नाही असे नाही. १९४० साली जर्मनीने नॉर्वे व्यापला. १९४१ साली जर्मनी रशियावर चालून गेला आणि त्याच ऑगस्टात कॅनडा, ब्रिटन व नॉर्वे यांची तुकडी स्पिट्सबर्गनला उतरली. लढावयाला नव्हे, गाव रिकामे करावयाला. सुमारे दोन हजार सोव्हिएत माणसे आर्खांगेल्स्कला पोचविली, आठशेच्या आसपास नॉर्वेजियन ब्रिटनला नेले, आणि जहाजांची वाट पाहत रचून ठेवलेल्या सुमारे साडेचार लाख टन कोळशाला आग लावली. वर्षावर्षाच्या पाळ्यांचे कष्ट त्या धुरात गेले. १९४२ साली नॉर्वेजियनांची एक लहान तुकडी परत आली. तिचा प्रमुख आइनार स्वेर्डरुप हा खाण कंपनीचाच व्यवस्थापक. बर्फात अडकलेल्या त्यांच्या दोन जहाजांवर जर्मन विमानांनी बाँब टाकले आणि तो ठार झाला. कंपनीचा व्यवस्थापक सैन्याचा नायक होतो, यातच खाण आणि राष्ट्र यांचे नाते स्पष्ट होते. १९४३ च्या सप्टेंबरात तर ‘टिर्पिट्झ’ व ‘शार्नहोर्स्ट’ या प्रचंड युद्धनौकांनी येऊन बारेंट्सबुर्ग आणि लाँगइयरब्येन यांवर तोफा डागल्या. लाकडी घरांची दोन खाणगावे. आणि त्यांच्यावर जर्मन आरमाराच्या सर्वांत मोठ्या तोफा!

याच काळात असे अन्यत्रही घडले. स्वीडनमधील किरुनाचे लोहखनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरातून बाहेर पडे. त्यासाठी १९४० साली नार्विकच्या समुद्रात युद्ध झाले. फिनलंडच्या पेट्सामो भागातील निकेलच्या खाणी कॅनडातील कंपनीच्या ताब्यात होत्या. जर्मनीने त्यांवर डोळा ठेवला, आणि १९४४ साली तो मुलूखच सोव्हिएत संघाने घेतला. म्हणजे स्वालबार्ड हा अपवाद नव्हे. उत्तरेकडील खनिज जेथे सापडते तेथे वस्ती विरळ असते, वाट एखादीच असते, आणि शेजारी बलाढ्य असतात. त्यामुळे खाणीचा भाव बाजारात ठरण्याआधी राजधानीत ठरतो.

१९४४ च्या नोव्हेंबरात, युद्ध संपण्याच्या आधीच, मोलोतोव्ह यांनी मॉस्कोत नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री त्रिग्वे ली यांच्यापुढे मागणी ठेवली : तह रद्द करावा, स्वालबार्डचा कारभार दोघांनी मिळून पाहावा, आणि दक्षिणेकडील ब्योर्नोया बेट सोव्हिएत संघाला द्यावे. मुर्मान्स्कहून अटलांटिकमध्ये उतरण्याची सोव्हिएत आरमाराची वाट याच समुद्रातून जाते, हे त्यामागचे कारण. नॉर्वेच्या संसदेने १९४७ साली ही मागणी नाकारली. १९४९ साली नॉर्वे अटलांटिक संघटनेत गेला. त्या संघटनेच्या लष्करी कक्षेत स्वालबार्ड येणार हे दिसताच १९५१ साली मॉस्कोने तहावर बोट ठेवून निषेध नोंदविला.

आणि मग सुरू झाली खाणगावांची ती विलक्षण शेजारवस्ती. एका बाजूला लाँगइयरब्येन, दुसऱ्या बाजूला बारेंट्सबुर्ग व पिरामिडेन. मध्ये रस्ता नाही. सोव्हिएत माणसे नॉर्वेजियनांपेक्षा संख्येने दुप्पट. पिरामिडेनमध्ये पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, लेनिनचा पुतळा, गुरांचे गोठे. वर्षानुवर्षे नॉर्वेजियन कंपनीचे स्वतःचे छापील चलन आणि सोव्हिएत संस्थेचेही स्वतःचे नाणे. १९७५ साली विमानतळ उघडेपर्यंत हिवाळ्याचे महिने बाहेरच्या जगाशी संबंध जवळजवळ तुटलेला. युरोपात दोन तट एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून उभे असताना येथे मात्र दोन्ही गावांचे लोक अधूनमधून एकमेकांकडे जात, खेळांचे सामने होत, गाणी होत. हा भाग खरोखर गोड आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. पण दोन्हीकडचा हिशेब पाहिला तर तोटाच. सोव्हिएत खाणींचा तोटा मॉस्को भरी. नॉर्वेची कंपनी थकली तेव्हा १९७६ साली सरकारने तिचे जवळजवळ सारे भाग आपल्याकडे घेतले. व्यापारी असता तर त्याने दुकान बंद केले असते. राष्ट्राला ते करवले नाही.

कोणी म्हणेल, यात वाईट काय? आरमार ठेवण्यापेक्षा खाण ठेवणे स्वस्त. सैनिकाऐवजी कामगार असला तर रक्त सांडत नाही. हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि राजकारणाच्या दृष्टीने तो खोटाही नाही. परंतु रक्त सांडत नाही हे म्हणणे खरे नाही.

नी-ऑलेसुंड हे ७९ अक्षांशाजवळचे खाणगाव. १९३३ पासून ही खाण सरकारी मालकीची. आधीच्या अपघातांमुळे व न परवडल्यामुळे ती १९२९ साली थांबलेली; युद्धानंतर पुन्हा उघडली. पुन्हा स्फोट झाले, पुन्हा माणसे गेली, तरी ती चालूच राहिली. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी ध्रुवरात्र सुरू झालेली असताना तेथे मोठा स्फोट झाला आणि २१ कामगार मरण पावले. काहींचे देह कधीच बाहेर आले नाहीत. चौकशी समितीने सुरक्षिततेच्या व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला. उद्योगमंत्र्यांनी पद सोडले. १९६३ च्या ऑगस्टात संसदेने दोन मतांच्या फरकाने, ७६ विरुद्ध ७४, गेर्हार्डसेन यांचे सरकार पाडले. नवे सरकार चारच आठवडे टिकले आणि गेर्हार्डसेन परत आले. तरीही नॉर्वेच्या राजकारणात त्या मतदानाने एक पर्व संपले असे मानतात. नी-ऑलेसुंडची खाण कायमची बंद झाली.

या प्रसंगाचा अर्थ आम्हांस असा दिसतो. खाण नफ्यासाठी चालते तेव्हा तिच्या मालकावर निदान एक लगाम असतो : फार धोका पत्करला तर धंदा बुडतो. खाण निशाणासाठी चालते तेव्हा तो लगाम सुटतो. तोटा झाला तरी ती चालू राहते, म्हणून जुनी यंत्रे, जुने बोगदे, वायूचा धोका हे सारे चालू राहते. राष्ट्राचे हित म्हटले की प्रश्न विचारणारा अडाणी ठरतो. नॉर्वेचे मोठेपण हे की तेथे संसद होती आणि तिने प्रश्न विचारला. २१ कामगारांच्या मरणावर सरकार पडते ही लहान गोष्ट नव्हे. मोठमोठ्या देशांत हजारांच्या मरणावरही ते पडत नाही.

दुसऱ्या बाजूला असा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला. मॉस्कोहून येणारे धान्य, पैसा, यंत्रे आटली. तरी खाणी बंद केल्या नाहीत, कारण खाणी बंद म्हणजे जागा सोडली. या खाणगावांतील पुष्कळ कामगार युक्रेनच्या डोनबासमधले, पिढीजात कोळसा काढणारे. २९ ऑगस्ट १९९६ रोजी मॉस्कोहून त्यांना व त्यांच्या बायकामुलांना घेऊन आलेले विमान लाँगइयरब्येनजवळच्या डोंगरावर आदळले. विमानातील सर्व १४१ माणसे गेली. वर्षभराने, १९९७ च्या सप्टेंबरात, बारेंट्सबुर्गच्या खाणीत स्फोट होऊन २३ कामगार मेले. १९९८ साली पिरामिडेन बंद झाले. आजही तो लेनिनचा पुतळा रिकाम्या चौकात हिमनदीकडे पाहत उभा आहे. बारेंट्सबुर्गमधील वस्ती काही शेकड्यांवर आली. खाण अजून चालते; तिच्या कोळशावर गावाचे वीजघर चालते, आणि ते वीजघर चालते म्हणून गाव चालते.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि जुने चक्र पुन्हा फिरू लागले. नॉर्वेने युरोपीय निर्बंध लागू केले. त्यामुळे बारेंट्सबुर्गसाठी निघालेला रशियन माल मुख्य भूमीच्या सरहद्दीवर अडला. मॉस्कोत लगेच तहाची भाषा सुरू झाली. जुलैत तोडगा निघून माल सुटला. पुढल्या वर्षी ९ मे रोजी बारेंट्सबुर्गच्या रस्त्यावर विजयदिनाची मिरवणूक निघाली, वर हेलिकॉप्टर फिरले. सैनिक एकही नव्हता, गाड्या खाणगावातल्याच. पण संदेश समजण्यासारखा होता. युक्रेनच्या खाणपट्ट्यातून येऊन रशियन निशाणाखाली कोळसा काढणाऱ्या माणसाच्या मनात त्या दिवशी काय आले असेल, याची कल्पना श्रोत्यांनी करावी.

नॉर्वेच्या बाजूची हकीकतही तितकीच बोलकी आहे. स्वेया येथील मोठ्या खाणी बंद करण्याचा निर्णय २०१७ साली झाला, आणि नंतर तो परिसर साफ करून निसर्गाला परत दिला. उरली ती लाँगइयरब्येनजवळची सातव्या क्रमांकाची खाण. ती २०२३ मध्ये बंद करण्याचे ठरले होते. परंतु युक्रेनच्या युद्धाने इंधनाचे भाव चढले, कोळशाला मागणी आली, आणि मुदत दोन वर्षे वाढली. गावच्या वीजघराने २०२३ च्या ऑक्टोबरात कोळसा सोडून डिझेल धरले. म्हणजे काही काळ असा गेला की कोळसा गावातून बाहेर जात होता आणि तेल बाहेरून गावात येत होते. अखेर ३० जून २०२५ रोजी ती खाण बंद झाली, आणि बेटांवरील नॉर्वेजियन कोळशाचा शतकाहून अधिक काळाचा अध्याय संपला.

मग नॉर्वे तेथून निघाला काय? नाही. आमच्या विवेचनाचा पुरावा येथेच आहे. कोळसा गेला, निशाण राहिले. विद्यापीठाचे केंद्र आले, उपग्रहांचे आकाशकर्ण आले, २००८ साली जगातील पिकांच्या बियाण्यांची तिजोरी डोंगरात बांधली गेली, प्रवाशांच्या आगबोटी आल्या. बेटांवर नॉर्वेजियन वस्ती टिकविणे हे आपले धोरण असल्याचे नॉर्वेचे सरकार उघडपणे सांगते. २०२४ साली द्वीपसमूहातील उरलीसुरली खाजगी जमीन विक्रीस निघाली तेव्हा ती परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून सरकारने व्यवहार थांबविला. इतकी वर्षे कोळसा हे साधन होते. साध्य दुसरेच होते.

आणि आता आपण आपल्या दारी येतो. ज्या नी-ऑलेसुंडला १९६२ साली २१ कामगार मेले, ते गाव आज विज्ञानाचे गाव आहे. सुमारे दहा देशांची संशोधनकेंद्रे तेथे आहेत. त्यांतील एकावर ‘हिमाद्री’ असे नाव आहे. ते आपले. १ जुलै २००८ रोजी ते सुरू झाले, आणि २०२३ च्या डिसेंबरापासून आपले शास्त्रज्ञ तेथे हिवाळ्यातही राहू लागले. त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून. ध्रुवावरचे बर्फ वितळण्याचा आपल्या पावसाशी कसा संबंध पोचतो, हा त्यांच्या अभ्यासाचा एक मोठा विषय. लॉर्ड डर्बी यांनी आपल्याला न विचारता केलेल्या सहीने मिळालेला हक्क स्वतंत्र भारताने कोळसा खणण्यासाठी न वापरता हवा व समुद्र मोजण्यासाठी वापरला, याचा आम्हांस आनंद वाटतो.

पण आनंदाबरोबर सावधपणाही हवा. पूर्वी ज्या राष्ट्रांनी खाणी मांडल्या त्यांनीही आम्ही फक्त कोळसा काढतो असेच म्हटले होते. चिनी केंद्राच्या दाराशी दगडी सिंह बसविले गेले. या घरांना देशोदेशींच्या वकिलातींचे रूप येऊ नये याची काळजी नॉर्वे घेऊ लागला आहे. प्रयोगशाळाही खाणीसारखीच निशाण धरू शकते. त्यात एकदम पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. राष्ट्रे आपले पाऊल दाखविल्यावाचून राहत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की जे काम निशाणासाठी चालते ते निशाणासाठी चालते असे स्पष्ट सांगावे, त्याचा खर्च कोणत्या खात्यावर पडतो ते लिहावे, आणि त्यात जी माणसे राबतात त्यांच्या जिवाची जबाबदारी राजधानीने स्वतःवर घ्यावी. नॉर्वेच्या संसदेने १९६३ साली नेमके हेच मागितले होते.

नी-ऑलेसुंडच्या मागच्या डोंगरात ती बंद खाण आहे. पायथ्याशी आपले हिमाद्री आहे. आपल्या तरुण शास्त्रज्ञांनी तेथे पावसाचे गणित मांडताना त्या डोंगराकडेही एकदा पाहावे. आत राहिलेल्या त्या माणसांना आपण कोणत्या मोठ्या खेळात होतो हे कोणी सांगितले नव्हते. त्यांना पाळीची वेळ तेवढी सांगितली होती.